ब्रुन्याचा भांग

सव्वीस वर्षं मी साताऱ्यात पार्लर चालवतेय. लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि जाताना दीड वर्षाचा गोल्डन रिट्रीव्हर माझ्या पदरात टाकून गेली. कागदावर तो ब्रुनो, घरात ब्रुन्या. केसांचं काही असेल तर ते मला कुणी शिकवू नये, असा माझा तेव्हा तोरा होता. त्या तोऱ्याची किंमत पहिल्याच एप्रिलात त्या मुक्या जिवाने मोजली.

दुपारचा तो शहाबादी फरशीवर जीभ लोंबवत धापा टाकत पडायचा. मला वाटलं, एवढं घोंगडं अंगावर घेऊन बसलंय, कसं होणार याचं? पार्लरमधला ट्रिमर आणला, सहा मिलिमीटरची कॅप लावली आणि मागच्या अंगणात अर्ध्या तासात त्याला भादरून टाकला. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "बरं केलंस गं, सुटलं बिचारं." दुसऱ्या दिवशी दुपारी बिचारं त्याच फरशीवर, तितक्याच धापा टाकत. आठवड्याने पाठीची कातडी गुलाबी पडली, कोंडा सुटला. मग केस आले ते उशीतल्या कापसासारखे, मऊ आणि विस्कटलेले. जूनमधल्या पहिल्या पावसात पाणी थेट कातडीपर्यंत गेलं. पूर्वी ते त्याच्या पाठीवरून ओघळून जायचं. कमरेवरचे दोन चट्टे तर पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत भरले नाहीत.

माझं काय चुकलं ते डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं: "ताई, हे डोकं नाही, हे दोन कपडे आहेत." आतला कपडा म्हणजे दाट मऊ लव. ती हवा धरून ठेवते. बाहेरचा म्हणजे लांब, जरा राठ केस. ते ऊन आणि पाणी अडवतात. आमच्या माणदेशातल्या धनगरांचं घोंगडं जसं पावसाचं पाणी बराच वेळ वरच्यावर झेलतं, तसं. सरसकट भादरलं की लव भराभर वाढते, बाहेरचे केस रेंगाळतात आणि काही ठिकाणी येतही नाहीत. गारव्याचं म्हणाल, तर कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा येतो तो पंजांच्या गाद्यांना. बाकी सगळा कारभार जिभेवर आणि धापांवर. म्हणून उन्हाळ्यात त्याला लागतं ते गार फरशी, पंखा, पाणी आणि सकाळी सातच्या आत फिरणं. माझा ट्रिमर त्याला नको होता. निघायला हवी ती गळून आत अडकलेली लव, म्हणजे उरलेल्या केसांतून हवा खेळते.

ही जात मुळात थंड पाण्याची. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या डडली मार्जोरीबँक्स या गृहस्थाने स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या आपल्या इस्टेटीवर पिवळा रिट्रीव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल यांची जोडी लावली. त्यांची पहिली पिल्लं १८६८ सालची. बंदुकीने पाडलेला पक्षी गारठलेल्या पाण्यातून तोंडात धरून आणायचा, हे त्यांचं काम. ब्रुन्या पाण्यातून आणतो ती फक्त माझी चप्पल.

हत्यारं चारच लागतात. बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश. लांब दातांचा अंडरकोट रेक, जो मला शेतातल्या दाताळ्याचं पिल्लूच वाटतो. अर्धा भाग विरळ, अर्धा भाग दाट असा स्टीलचा कंगवा. आणि केस विरळ करायची थिनिंगची कात्री, जी माझ्याकडे होतीच. बाजारात पात्यासारखी धार असलेली केस काढणी मिळते, एका फटक्यात ढीगभर केस काढते म्हणून लोक खूश होतात. ती जपून वापरा. एकाच जागी दहादा फिरवली तर बाहेरचे चांगले केसही तुटतात. स्लिकर विकत घेतल्यावर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बघा. तुम्हाला ओरखडा उठत असेल तर त्यालाही उठणार.

आता विंचरणं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, आणि पार्लरमध्ये येणाऱ्या निम्म्या बायकाही आपल्या केसांशी हेच करतात: वरवर ब्रश फिरवायचा. वरून केस चकचकीत, आणि आत कातडीला चिकटून नमद्यासारखा थर. ब्रुन्या माझ्याकडे आला तेव्हा असाच होता. फोटोत राजबिंडा, पण मांडीच्या मागे बोट घातलं तर बोट पुढे सरकेना.

मी त्याला भांग पाडत विंचरते. सोमवारी पार्लर बंद असतं, तेव्हा सकाळी चाळीस मिनिटं. त्याला कुशीवर झोपवायचं. सुरुवात मागच्या पायाच्या खालच्या टोकापासून. डाव्या हाताच्या पंजाने केसांचा जाड पडदा वर उचलून धरायचा आणि खालून बोटभर केस सोडायचे. मध्ये कातडीची पांढरट गुलाबी रेघ दिसली पाहिजे. ती रेघ दिसत नसेल तर तुम्ही केस विंचरताय, कुत्रा नाही. त्या रेघेपासून टोकापर्यंत स्लिकर फिरवायचा, मनगट सैल ठेवून, दाब न देता. मग वरून आणखी बोटभर केस सोडायचे, नवा भांग, पुन्हा तेच. असं थरावर थर चढत पाठीच्या कण्यापर्यंत यायचं. एक कूस झाली की दुसरी. शेवटी स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत ओढायचा. तो कुठेही न अडकता आला तर ती जागा झाली. अडकला तर झाली नाही, मग दिसायला कितीही छान दिसो.

ब्रश काय करतो आणि रेक काय करतो, हे एकदा हाताला कळलं की सोपं आहे. ब्रश गुंता सोडवतो, रेक गळालेली लव बाहेर काढतो. रेक पाठ, कंबर, मान आणि मांड्यांच्या जाड भागावर, केसांच्या दिशेने, लहान लहान ओढींनी. पोटाखाली आणि बगलेत तो नेऊच नका, तिथली कातडी कागदासारखी असते. आमच्याकडे केस वर्षभर गळतात, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा पावसाळा सरताना धो धो गळतात. त्या दिवसांत एका सोमवारी उशीचा अभ्रा भरेल एवढी लव निघते. आमचे हे म्हणतात, आणखी एक कुत्रा होईल यातून. मी थोडी लव जास्वंदीवर अडकवून ठेवते, बुलबुल घरट्याला नेतात. पण मानेवर गोचिडाचं औषध टाकलेलं असेल किंवा तशी गोळी चालू असेल, तर ते केस बाहेर ठेवू नका. पिल्लांच्या घरट्यात विष जातं.

रोज दहा मिनिटं फक्त गुंत्याच्या जागा बघायच्या: कानामागे, बगलेत, पट्ट्याखाली, मागच्या मांड्यांची झालर आणि शेपटीच्या बुडाशी. कानामागचे केस लहान मुलीच्या जावळासारखे मऊ असतात, दोन दिवसांत तिथे बोराएवढी गाठ होते. गाठ सापडली की कात्री शोधू नका. गाठीत चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळा. गाठ आणि कातडी यांच्यामध्ये केस चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. मग दुसऱ्या हाताने गाठ बोटांनी उकला, शेवटी कंगव्याचं टोक. आई वेणीचा गुंता सोडवायची तसंच, फक्त इथे रडणारा चावू शकतो. कापायचीच वेळ आली तर आधी कातडी आणि गाठ यांच्यामध्ये कंगवा सरकवा आणि कंगव्याच्या वर कापा. गाठ ओढली की कातडीही तंबूसारखी वर येते, आणि केस कुठे संपले नि कातडी कुठे सुरू झाली ते सव्वीस वर्षं कात्री धरलेल्या माणसालाही दिसत नाही. गाठी चपातीएवढ्या झाल्या असतील तर मात्र सरळ डॉक्टरकडे किंवा चांगल्या ग्रूमरकडे न्या, मशीनने काढू द्या. तिथे हट्ट नको.

लॅब्रॉडरवाल्यांनो, तुमच्याही कुत्र्याला हेच दोन कपडे आहेत, फक्त आखूड. झालर नसल्यामुळे गुंता होत नाही, पण लव तितकीच गळते. आठवड्यातून दोनदा रबरी ब्रश आणि गळतीच्या दिवसांत रेक पुरतो. ट्रिमर तुम्हीही लांब ठेवा.

आंघोळ सहा आठवड्यांनी, फार तर चार. रोज कोमट पाण्याने न्हाऊ घालणारे प्रेमळ लोक मी पाहिलेत, त्यांच्या कुत्र्यांना कायम खाज. आधी पूर्ण विंचरायचं, मगच पाणी. गुंत्यावर पाणी पडलं की गाठ आवळते, लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात आटतो तशी. शॅम्पू कुत्र्याचाच. मी सुरुवातीला पार्लरमधला महागातला वापरला होता, कारण बाटलीवर मऊसूत असं लिहिलं होतं. आपली कातडी आम्लधर्मी, पीएच साडेपाचच्या आसपास. कुत्र्याची त्यापेक्षा बरीच उदासीन, सातच्या जवळ. तीन आंघोळींत कोंडा दिसायला लागला.

भिजवायलाच पाच मिनिटं जातात. बाहेरचे केस पाणी परतवतात, म्हणून नळी अंगाला टेकवून केसांच्या उलट दिशेने न्यायची, बोटांनी लव उघडत. शॅम्पू थेट अंगावर ओतायचा नाही. सॉसच्या रिकाम्या बाटलीत पाण्यात कालवून ठेवायचा, मग तो आतपर्यंत जातो आणि निघतोही. धुवायला शॅम्पू लावण्याच्या दुप्पट वेळ द्या. केस चिमटीत धरून ओढले की कुईं आवाज आला पाहिजे. पोट, बगला आणि शेपटीचं बूड इथे फेस लपून बसतो. डॉक्टरांनी औषधी शॅम्पू दिला असेल तर तो सांगितलेला वेळ अंगावर राहू द्या. बहुतेक दहा मिनिटं सांगतात आणि बहुतेक लोक दोन मिनिटांत धुऊन टाकतात, मग औषधाला नावं ठेवतात.

खरी कसरत वाळवण्याची. इथे मी आणखी एकदा तोंडावर आपटले. दुसऱ्या वर्षीच्या जुलैमध्ये, बाहेर चार दिवस सूर्य नाही, आणि मी ब्रुन्याला न्हाऊ घालून जुन्या सुती लुगड्याने पुसलं, वरून हात फिरवला, कोरडा लागला, सोडून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कानाखाली गाल खाजवताना दिसला. केस बाजूला केले तर रुपयाएवढी लाल, चिकट, ओली जागा. संध्याकाळी मी पार्लरमधून आले तेव्हा ती तळहाताएवढी झाली होती, केस चिपचिपून जखमेवर बसलेले, आणि वास. याला हॉट स्पॉट म्हणतात. दाट लवेत ओल कोंडली की कातडी आतल्या आत सडायला लागते, आणि खाजवून कुत्रा ती पसरवतो. डॉक्टरांनी आधी काय केलं असेल? मशीन घेऊन त्या जागेभोवतीचे केस काढले. मला हसू आलं आणि लाजही वाटली. तिथे केस काढणं बरोबर होतं, कारण जखमेला हवा हवी होती. मग जंतुनाशक, औषध, गळ्यात प्लॅस्टिकचा फनेल, दहा दिवस.

तेव्हापासून मी हात वरून फिरवत नाही. टॉवेलने घासायचंही नाही, गुंता होतो. दाबून पाणी टिपायचं, तीन-चार टॉवेल लागतात. मग ड्रायर, गार किंवा अगदी कोमट हवेवर. एका हाताने ड्रायर, दुसऱ्या हाताने स्लिकर. हवेच्या झोताने केस फुलासारखे उघडतात आणि मध्ये कातडी दिसते. ती दिसेपर्यंत त्याच जागी थांबायचं, मग पुढे. गरम हवा नको, एकाच जागी तर अजिबात नको. आवाजाला घाबरत असेल तर आधी आठवडाभर नुसता ड्रायर चालू ठेवून समोर जेवण द्या. ब्रुन्याला भाजलेले शेंगदाणे लागले, बिनमिठाचे, तेही मोजून. शेवटी बोटांची मागची बाजू लवेच्या मुळाशी घालून बघायची: कानाखाली, पट्ट्याच्या जागी, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी. गार लागलं म्हणजे ओलं आहे. गार पाण्याने न्हाऊ घालू नका. कधी कधी या कुत्र्यांची शेपटी दुसऱ्या दिवशी बुडापासून लुळी पडते आणि दुखते. बहुतेक वेळा काही दिवसांत ती सुधारते, पण तोवर आपला जीव टांगणीला.

म्हणून पावसाळ्यात आंघोळ कमी आणि पुसणं जास्त. फिरून आलं की दारातच चार पाय कोमट पाण्याच्या तांब्याखाली, मग पंच्याने बोटांच्या मधल्या जागा कोरड्या. गाद्यांमधले केस गादीच्या पातळीवर कापून टाका, चिखल तिथेच अडकतो. पंजा सतत चाटून केस तांबूस झाले असतील आणि त्याला आंबूस वास येत असेल तर ते लाड नाहीत, बुरशी असू शकते.

आणि तेल. कितीदा सांगितलं तरी लोक कुत्र्याला खोबरेल तेलाने चंपी करतात. अंगाला धूळ चिकटते, बाकीचं तो चाटून पोटात घालतो आणि मग जुलाब. कानातही कोमट तेल नाही. बाळाच्या कानात आजी घालायची, म्हणून याच्याही घालायचं असं नाही. लोंबत्या कानात आधीच हवा जात नाही, त्यात तेल म्हणजे बुरशीला निमंत्रण. आठवड्यातून एकदा डॉक्टरांनी दिलेलं कान साफ करायचं औषध घालायचं, कानाच्या बुडाशी चोळायचं, चळक चळक आवाज येतो, मग त्याला मान झटकू द्यायची आणि दिसेल तेवढंच कापसाने पुसायचं. कापसाची काडी आत घालायची नाही. आंबलेल्या पिठासारखा वास, काळपट मळ, किंवा मान सतत एका बाजूला कलती, असं दिसलं की घरचे उपाय बंद.

दिवाळीनंतर मी सगळ्यात जास्त घाबरते ती कुसळांना. आमच्या साताऱ्यातल्या चार भिंती या स्मारकाच्या बाजूला किंवा अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर गवत वाळलं की कुसळं झडायला लागतात. गेल्या वर्षी ब्रुन्या उजवा पुढचा पंजा चाटत बसला. मला वाटलं काटा. दोन बोटांच्या मध्ये वाटाण्याएवढी सूज, तिच्या टोकाला सुईच्या अणीएवढं भोक. डॉक्टरांनी चिमट्याने त्यातून बोटाच्या पेराएवढं अख्खं कुसळ बाहेर काढलं. त्याचे केस मागे वळलेले असतात, त्यामुळे ते फक्त पुढेच जातं, मागे येत नाही. म्हणून त्या दिवसांत घरी आल्या आल्या, पाणी प्यायच्याही आधी, चारही पंजांच्या बोटांमधल्या बेचक्या आणि गाद्यांच्या खालच्या फटी, दोन्ही कान, काखा आणि जांघ तपासायची. आघाडा नुसता केसांना चिकटतो, कंगव्याने निघतो. कुसळ मात्र आत शिरतं. मुरून बसायच्या आधी काढा.

त्याच फेरीत गोचीडही बघून होतात. कानाच्या आतल्या घडीत, पट्ट्याखाली, शेपटीखाली, बोटांमध्ये. चिमट्याने अगदी कातडीलगत धरायची आणि सरळ ओढायची, पिरगाळायची नाही. नखाने चिरडायची नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. रॉकेल लावणं, उदबत्ती टेकवणं हे गावाकडचे प्रकार कृपा करून नकोत, आणि गोठ्यात फवारायचं औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतणं तर नकोच नको. ते जनावराच्या वजनाचं असतं. गोळी किंवा मानेवरचं औषध डॉक्टर वजन बघून देतात. गोचिडातून ताप येतो. जेवण सोडलं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

कापायचं काय, याचं उत्तर आता मी दोन ओळींत देते. पंजांखालचे केस, बोटांवरचे उभे झुपके, कानाच्या कडा, शेपटीखालची झालर स्वच्छतेपुरती, आणि मागच्या पायांच्या टाचेपासून खाली पंजापर्यंतचे लोंबते केस. सगळं थिनिंगच्या कात्रीने, थोडं थोडं. पाठीला आणि कुशीला हात लावायचा नाही.

नखं मी शेवटी ठेवते, कारण त्यानंतर तो दिवसभर माझ्याशी बोलत नाही. फरशीवर टकटक वाजायला लागली की समजायचं वाढली. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबायचं. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून कागदाएवढी पातळ काप घ्यायची आणि प्रत्येक कापेनंतर कापलेल्या तोंडाकडे बघायचं. मधोमध काळसर ओलसर ठिपका दिसला की बास. चुकून लागलंच तर रक्त बघून किंचाळू नका, तो तुमच्यामुळे जास्त घाबरतो. कॉर्नफ्लॉवर चिमटीत घेऊन नखावर दाबून धरा, दोन-तीन मिनिटं. पुढच्या पायांच्या आत, वर, अंगठ्यासारखं एक नख असतं, ते जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही आणि गोल वळून कातडीत घुसतं. ते विसरू नका. एका बैठकीत सगळी व्हायलाच हवीत असं नाही. ब्रुन्याच्या मागच्या डाव्या पायाची चार मी अजूनही मंगळवारवर ढकलते.